नयनाच्या कमरेची किल्ली

बडोद्याजवळ सावली नावाचा तालुका आहे, त्याच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, मला अजून तिथे दर गुरुवारी जायचंय. शाळेतून निवृत्त झाले आणि एका संस्थेने गावच्या बायकांना पाणी शिकवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. टाकीत क्लोरीन किती घालायचं, वाल्व्ह कधी फिरवायचा, असलं सगळं. आमचे हे, रमाकांत, येईल त्याला कौतुकाने सांगतात की मंदाकिनी खेड्यातल्या बायकांना सक्षम करते. हे आमच्या बडोद्यातल्या, समा भागातल्या सोसायटीत पाणी कमिटीचे अध्यक्ष आहेत. कमिटीत सहाच्या सहा पुरुष, आणि सगळ्यांना माझ्या हातचा चहा फार आवडतो.

तर गावात पाणी समिती करायची ठरली तेव्हा वरून कागद आला की निम्म्या बायका हव्यात आणि पंप चालवायलाही बाईच हवी. सरपंच हिंमतसिंह काही कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. त्यांनी पंप दिला आपल्याच धाकट्या सुनेला, नयनाला. कारण उघड होतं. त्या घरात सून सासऱ्यासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढते आणि चकार शब्द बोलत नाही. सासराही सुनेशी थेट बोलत नाही, काय असेल ते सासूमार्फत. अशी सून पंपावर बसवली की कागदाचं समाधान झालं आणि कटकटही नाही.

कटकट व्हावी असं मात्र बरंच होतं. पंपाच्या खोलीत तीन वाल्व्ह. एक वरच्या फळियाचा, एक खालच्या फळियाचा. फळिया म्हणजे वस्ती. तिसरा नकाशात नव्हताच. तो हिंमतसिंहांच्या तबेल्याकडे जायचा आणि अष्टौप्रहर उघडा असायचा. त्यांच्या अठरा म्हशी दिवसातून दोनदा आंघोळ करायच्या, आणि खालच्या फळियातल्या बायका नळाखाली घागर लावून तासन्‌तास बसायच्या.

मी नयनाला दर गुरुवारी सांगायची, अगं बाई, बोल सासऱ्यांना. हक्क, आत्मविश्वास, जे जे संस्थेच्या पुस्तिकेत होतं ते सगळं मी तिच्यापुढे ओतलं. ती आपली मिठाची गुळणी धरून बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पोरगी बारावी सायन्स झालेली, क्लोरीन तपासायच्या बाटलीतला रंग माझ्याआधी ओळखायची, आणि तोंड म्हणून उघडत नव्हती. घरी येऊन मी रमाकांतांना म्हणायची, या बायकांचं काही खरं नाही.

मार्चमध्ये तालुक्याहून निरोप आला. येत्या गुरुवारी साहेब येणार, आणि खालच्या फळियात नळाला पाणी दिसलं नाही तर बायकांची समिती बरखास्त, पंप ठेकेदाराकडे. पंप गेला की नयना पुन्हा तबेल्यात, शेणाच्या पाट्या उचलायला. घराचा उंबरा ओलांडायला तिच्याकडे तेवढं एकच कारण होतं. मी पुन्हा तेच म्हटलं, सासऱ्यांना बोल.

गुरुवारी नऊला पोहोचले तर नयना पंपाच्या पायरीवर बसलेली. पहाटेच तिने तिसरा वाल्व्ह बंद केला होता, खोलीला कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती. तबेल्यातून म्हशींचा आरडाओरडा चालू होता.

थोड्या वेळात हिंमतसिंह तरातरा आले. नयनाने पदर हनुवटीखाली ओढला. ते चार पावलांवर थांबले, रीतीप्रमाणे तोंड फिरवलं आणि विजेच्या खांबाला सांगितलं की वाल्व्ह उघडा. खांब काही बोलला नाही. मग त्यांनी बायकोला हाक मारली. सासूबाई समोरच्या ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी तिथूनच कळवलं की हल्ली आपल्याला ऐकू कमी येतं.

शेवटी ते माझ्याकडे वळले. "मंदाबेन, तुम्ही सांगा तिला."

आता मी जन्माने बडोद्याची. पन्नास वर्षं भाजीवाल्यांशी गुजरातीत भांडते आहे, आणि या गृहस्थांशी तर दोन वर्षं गुजरातीतच बोलत होते. मी हात जोडले.

"माफ करना बापू, मुझे गुजराती बराबर नहीं आती."

ते माझ्याकडे बघतच राहिले. किल्ली हिसकावून घ्यावी तर ती सुनेच्या कमरेला, आणि तिकडे त्यांना नजरसुद्धा टाकता येत नव्हती. कुलूप फोडावं तर खालच्या फळियातल्या बायका घागरी घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात साहेबांची जीप आली.

खालच्या फळियात नळ धो धो वाहत होते. समिती वाचली, पंप नयनाकडे राहिला. शाल मात्र मिळाली हिंमतसिंहांना. आयत्या बिळावर नागोबा! स्त्रीशक्तीची सुरुवात मी माझ्या घरापासून केली, असं ते चाळीस मिनिटं सांगत होते. फोटोत नयना अगदी कडेला, नुसता एक हिरवा पदर.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला पंपाच्या खोलीत गाठलं. म्हटलं, पुरे झालं हे. उद्यापासून तो पदर काढून टाक आणि काय ते त्यांना तोंडावर सांग. तिने शांतपणे पदर मागे सारला, बाटलीतला रंग उजेडात धरून पाहिला, वहीत आकडा लिहिला. मग तिसरा वाल्व्ह उघडून म्हणाली की तबेल्याला आता रोज फक्त अर्धा तास, म्हशींनी काय पाप केलंय.

"आणि मंदाबेन, पदर काढला तर बापू माझ्याशी बोलायला लागतील," ती म्हणाली. "मग मला ऐकावं लागेल."

मी पिशवी उचलली आणि बस पकडली.

समाला घरी पोहोचले तर रमाकांत दारातच उभे. म्हणाले, कमिटीची मीटिंग आज आपल्याकडे आहे, सहा कप चहा टाक, आणि आलं जरा जास्त घाल. उघड्या डोक्याने, त्यांच्या तोंडाकडे बघत मी बरं म्हटलं आणि आलं किसायला घेतलं.