परण्यातला भुऱ्या

तनुजाच्या लग्नाच्या मांडवाला दारातच घडासकट केळीची झाडं उभी केली होती. तिचे काका शेषेराव यांनी ती पहाटे आपल्या बागेतून स्वतः निवडून आणली. अर्धापूरच्या शिवारात केळीला तोटा नाही, पण पुतणीच्या मांडवाला दुसऱ्याची केळ नको, असा त्यांचा हट्ट. तनुजाचे वडील ती लहान असतानाच गेले होते. काकांनीच तिला वाढवलं, नांदेडला नर्सिंगला घातलं, आणि किल्लारीच्या आदिनाथशी तिचं लग्न जमवलं. माणूस मनानं मोठा, फक्त एका बाबतीत कुणाचं ऐकायचा नाही. ती बाब म्हणजे भुऱ्या.

भुऱ्या त्यांच्या बागेच्या राखणीचा कुत्रा. अंगानं वासराएवढा, रंगानं राखेसारखा. वाटेनं जाणारा माणूस जरा पळाला की त्याच्या मागे लागायचा. काकांना त्याचं कौतुकच. "राखणीचं कुत्रं हाय, आरती थोडंच ओवाळणार?" असं म्हणून हसायचे. त्याला लस टोचा, साखळी बदला, तोंडाला जाळी बांधा, असं तनुजा सुट्टीला आली की दर वेळी सांगायची.

"करू की. तुझं लग्न तर होऊ दे आधी," काका म्हणायचे.

लग्नाच्या दिवशी भुऱ्याला मारुतीच्या देवळासमोर, काकांच्या अंगणात बांधलं होतं. दुपारी नवरदेवाचा परण्या निघाला. किल्लारीहून आलेलं वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. तिथून आदिनाथ हळदीच्या अंगानं, डोक्याला बाशिंग बांधून मारुतीच्या दर्शनाला चालला होता. पुढे बँड, मागे नाचणारी पोरं, त्यामागे करवल्या आणि नवरदेवाची आई केवळाबाई. आदिनाथची भाची ऋतुजा मामाचं बोट धरून उड्या मारत होती.

देवळासमोर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. पहिल्याच धडाक्याला भुऱ्यानं असा हिसका दिला की गंजलेली कडी तुटली. अर्धी साखळी गळ्यात घेऊन तो गर्दीत शिरला.

"कुत्रं सुटलं! पळा, पळा!"

जो तो पळत सुटला. ढोलवाल्यानं ढोल टाकला, बायका ओट्यांवर चढल्या. जेवढी माणसं पळत होती, तेवढा भुऱ्या चेकाळत होता. त्या धावपळीत ऋतुजा पडली आणि उठून किंचाळत पळायला लागली. भुऱ्या तिच्याकडे वळला.

आदिनाथनं देवळाच्या पायरीवरची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि भाचीच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"ऋतू, पळू नको! माझ्यामागं गप उभी ऱ्हा!"

पोरगी त्याच्या धोतराला धरून थिजली. भुऱ्यानं खुर्चीचा पाय चावला, हिसडला, सोडला, पुन्हा झेप घेतली. आदिनाथ मागे न हटता खुर्ची कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवत होता. पण खुर्ची ती, किती टिकणार? तिसऱ्या झेपेला पाय मोडला आणि भुऱ्यानं त्याचा डावा हात कोपराखाली धरला.

आरडाओरडा ऐकून तनुजा मांडवाशेजारच्या घरातून बाहेर आली तेव्हा तिला हेच दिसलं. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा. मांडवातली एक सतरंजी ओढून घेत ती निघाली. पळत नाही, झपाझप चालत.

"हात ओढू नका!" ती ओरडली. "ओढला तर मांस फाटंल! आन् तो बँड बंद करा आधी!"

एक सनईवाला भीतीनं डोळे मिटून अजून वाजवतच होता. त्याला कुणीतरी गदागदा हलवलं. सगळं शांत झालं. तनुजानं बाजूनं जाऊन भुऱ्याच्या डोक्यावर सतरंजी टाकली आणि ती दोन्ही हातांनी दाबून धरली. एकाएकी अंधार झाल्यानं कुत्रं गोंधळलं. त्याचा जबडा सुटला. तोवर शेषेराव धावत आले आणि लोंबती साखळी धरून त्यांनी त्याला गोठ्यात कोंडलं.

पोरं काठ्या घेऊन गोठ्याकडे निघाली. आदिनाथ हात धरून खाली बसला होता, तिथूनच म्हणाला, "मारू नका रं त्याला. फटाक्यानं भ्यालंय ते." तनुजानंही बजावलं, "दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी लागंल. बरं ऱ्हातंय का आजारी पडतंय, ते डॉक्टरला सांगावं लागतं."

मग ती आदिनाथला बोअरच्या नळाखाली घेऊन गेली. साबण मागवला आणि पाण्याच्या धारेखाली त्याचा हात धूत राहिली. एक आत्या वाटीत तिखट घेऊन आली, दुसरी हळदीची वाटी.

"तिखट लाव, विष मरतंय."

"आत्या, हळद नवरदेवाला लावायची, जखमेला न्हाई," तनुजा म्हणाली. "काहीच लावायचं न्हाई. नुसतं पाणी आन् साबण. मग सरळ दवाखाना."

हे ऐकून दुखत असतानाही आदिनाथ हसला. साखरपुड्यानंतर दोघं फोनवरच काय ते बोलले होते. इतक्या जवळून तो तिला पहिल्यांदाच बघत होता.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मुहूर्त टळणार. हळदीच्या अंगानं वेस ओलांडायची नसते. अपशकुन झाला. सगळ्यांच्या नजरा केवळाबाईंकडे गेल्या. त्या ऋतुजाला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"माझी नात धड हाय, लेक जित्ता हाय, आन् ह्याला तुमी अपशकुन म्हणून राहिलाव?" त्या कडाडल्या. "जीप काढा. मुहूर्ताला म्हणावं, बस जरा मांडवात, पंगत खा."

अर्धापूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दारात उभ्या दोघांकडे पाहिलं. दोघंही नखशिखांत पिवळे.

"कावीळ का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मॅडम, लगीन हाय," केवळाबाई म्हणाल्या. "मधी कुत्रं आलं."

डॉक्टरबाई हसल्या, पण हात बघून गंभीर झाल्या. जखम पुन्हा धुतली. कुत्र्याला लस दिलेली आहे का, असं त्यांनी विचारताच सोबत आलेल्या शेषेरावांनी मान खाली घातली. दंडात लस द्यायची होती आणि शिवाय जखमेच्या आत, भोवताली सीरम. "हे दुखेल हं," त्या म्हणाल्या.

दुखलंच. आदिनाथनं उजव्या हातानं जे सापडलं ते घट्ट धरलं. तो तनुजाचा हात होता. चुड्यातल्या बांगड्या करकरल्या. तिनं हात सोडवून घेतला नाही. केवळाबाईंना खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडात एकदम काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

बाहेर शेषेराव भिंतीला टेकून बसले होते. डोळे भरलेले. "पोरी, चुकलं माझं. तू सांगत होतीस."

"आता ऐकताव ना?"

"हाव. उद्याच जनावरांच्या डॉक्टरला घरी बोलावतो. साखळी, जाळी, लस, समदं. आन् मोकळं सोडायचं न्हाई."

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. वऱ्हाड दोनदा जेवून सावलीत आडवं झालं होतं. जीप दिसताच बँडवाले उठले आणि दुपारी पळाल्याची भरपाई केल्यासारखे जीव तोडून वाजवायला लागले. फटाके मात्र कुणी लावले नाहीत. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. हार घालताना आदिनाथचा डावा हात वर होईना. मित्र तनुजाला चिडवत म्हणाले, "वहिनी, आता तुम्हालाच वाकावं लागतंय!" ती वाकली, आणि मांडवभर टाळ्या पडल्या.

पुढची सुई नेमकी किल्लारीत सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी आली. पूजा आटोपून दोघं स्कूटरवर दवाखान्याला निघाले. साखर कारखान्याच्या वळणावर एक काळं कुत्रं भुंकत गाडीच्या मागे लागलं. आदिनाथनं मूठ पिळायला घेतली.

"अहो, पळवू नका. हळू करा. थांबवाच."

"थांबवू? हात अजून एकच शाबूत हाय माझा!"

"थांबवा तर."

त्यानं गाडी थांबवली. कुत्रंही थांबलं. दोघं त्याच्या डोळ्यांत न बघता, न हलता बसून राहिले. कुत्र्यानं चाकाचा वास घेतला, काही मजा नाही असं बघून ते शिंकलं, आणि उसाच्या फडाकडे निघून गेलं.

"इतकंच?" आदिनाथ म्हणाला.

"इतकंच," ती म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले. हसणं आवरेपर्यंत मागून आलेली जीप हॉर्न वाजवत राहिली.