गौरीपुढे मोकळे केस

माझ्या सुनेला, ईराला, पहिली मंगळागौर माहेरी सांगलीलाच करायची होती. रीतही तशीच आहे. पण लग्न होऊन इथे अमिरातीत, खोर फक्कानला आल्यापासून ती रोज आईला फोन लावून रडत होती. श्रावणात तिकडे गेली तर ती परत यायची नाही, हे मला दिसत होतं. माझ्या मुलाशी, नीरवशी, बोलून उपयोग नव्हता. तो पोर्टवरच्या कंटेनरांत बुडालेला. शेवटी मीच विहीणबाईंना ठणकावलं, "मंगळागौर इथेच होईल आणि झोकात होईल. त्यानंतरही तिला यायचंच असलं, तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला विमानात बसवून देईन."

बोलून तर बसले, आणि मग बायका मोजायला लागले. गावात मराठी बायका म्हणजे आम्ही दोघी आणि समोरच्या फ्लॅटमधल्या श्रीवर्धनच्या नूरजहाँ वहिनी. झिम्मा काय भिंतींशी खेळायचा? म्हणून शारजाच्या मैत्रिणींना व्हॅन करून बोलावलं. त्यांना परत जायचं होतं, म्हणून खेळ दुपारीच ठेवले.

मंगळवारी पूजा छान झाली. ईरा हिरव्या शालूत, अंबाड्यावर गजरा, चेहरा मात्र इंजेक्शनच्या रांगेत बसल्यासारखा. इतक्यात फोन आला. व्हॅन वाटेतच, मसाफीच्या डोंगरात बंद पडली होती.

"मेकॅनिक म्हणतो, इन्शाल्ला संध्याकाळपर्यंत होईल," मैत्रीण म्हणाली.

ईरा तशीच आत गेली आणि बॅग काढून पलंगावर ठेवली.

तेवढ्यात नूरजहाँ वहिनी हळदीकुंकवासाठी केलेला नारळाचा हलवा घेऊन आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी भांडं ठेवलं आणि ओढणी कमरेला बांधली.

"वैनी, मी आहे ना. शेजारच्या पोरींबरोबर लहानपणी फुगड्या घालून अंगण उखडलंय मी. या इकडे."

पन्नाशीच्या दोन जाड्या बायकांनी हात गुंफले आणि फेर धरला. फरशी अशी दणाणली की खालून घरमालकीण उम्म सईद धावत वर आल्या.

"क्या हुआ? कौन गिरा?"

नूरजहाँ वहिनींनी धापा टाकत सांगितलं, "कोई नहीं गिरा. नई दुल्हन है, पहला साल. आज औरतें नाचती हैं."

उम्म सईदचा चेहरा उजळला. घरात पुरुष नाही ना, एवढं विचारून त्यांनी पडदे ओढले आणि खाली हाका मारल्या. लेकी, भावजया, सगळ्या वर आल्या. अंगावरच्या काळ्या अबाया खुर्चीवर पडल्या, कमरेपर्यंतचे केस सुटले. नूरजहाँ वहिनींनी जर्मनचा टोप पालथा घालून त्यावर ठेका धरला. त्यांच्याकडच्या लग्नांत नाचतात तशा पोरी मान फिरवून केस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उडवू लागल्या. ईरा केव्हा दारात येऊन उभी राहिली, कळलंही नाही.

"यल्ला, तू भी खोल," उम्म सईद तिला म्हणाल्या.

ईराचा हात अंबाड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. सणाच्या दिवशी सवाष्णीने केस मोकळे सोडायचे, तेही गौरीपुढे? माझ्या सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. माझ्याही जिभेवर 'नको' आलं होतं.

ते मी गिळलं. तिच्या मागे उभी राहिले, एकेक पिन काढली आणि गजरा गौरीला वाहिला.

"नाच," म्हटलं. "गौरसुद्धा बाईच आहे. तिला कळेल."

मग काय नाचली ती! केस उडतायत, शालूचा पदर खोचलेला, आणि हसणं थांबेना. नंतर तिनेच उम्म सईदच्या धाकटीचे हात धरून तिला फुगडी शिकवली. पोरगी भीतीने किंचाळत होती आणि सोडायला मात्र तयार नव्हती.

या गोंधळात सांगलीचा फोन आला. ईराने रिसीव्हर उचलला. मी कान देऊन उभी.

"आई, ऐकू येत नाहीये गं. हो, मजेत आहे... नाही, उद्या कशी येऊ? पुढच्या मंगळवारी या सगळ्यांना पिंगा शिकवायचाय. ठेवते, त्या थांबल्यात माझ्यासाठी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि पदरात तोंड खुपसून मनसोक्त रडले.