बहगतनं आणलेलं जेवण

पॉवर सप्लाय विकायला आलेला माणूस तळलेली मासळी, भात आणि गरमागरम भाकऱ्या घेऊन येतो, तेव्हा मनात पाल चुकचुकणारच. शाहिनाझच्याही चुकचुकली. अलेक्झांड्रियातल्या त्या छोट्या कारखान्यात दमेकरी मुलांसाठी वाफाऱ्याची यंत्रं बनत. मास्क पोराच्या तोंडावर आणि वायर भिंतीतल्या विजेत. मधे काय तो एवढासा पॉवर सप्लाय. तो कच्चा निघाला तर पोर जिवानिशी जायचं. आणि तो निवडून सही करायची होती शाहिनाझनं.

"हात धुऊन बसा," मालक हाज महरूस म्हणाला. म्हातारा भलताच खुशीत होता. एका ताटात भाकरी-मीठ खाल्लं की त्या माणसाला दगा द्यायचा नाही, त्याच्यावर संशयही घ्यायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. शाहिनाझलाही ते मोडायचं धैर्य नव्हतं. म्हणून "माझा आज रोजा आहे" असं तिनं ठोकून दिलं. पोटात कावळे ओरडत होते, पण हात मोकळे राहिले.

विकायला आलेल्या बहगतनं दिलेला नमुना तिनं उघडला. भिंतीकडची वीज आणि मास्ककडची वीज यांच्यात हवं तेवढं अंतर होतं. ट्रान्सफॉर्मरवर दुहेरी आवरण. विजेची गळती मोजली, तीही मर्यादेच्या आत. सगळं सोन्यासारखं, आणि तेच तिला खुपत होतं.

"येणारा मालही असाच?"

"डिट्टो, इंजिनिअरबाई. एकाच कारखान्यातला."

"मग माल येऊ दे. त्यातले माझ्या मनाला येतील ते उघडते आणि मग सही करते."

"अहो, सहीशिवाय माल जहाजावर चढत नाही."

"पोरी, पुरे आता," हाज कातावला. "माणूस आपल्याबरोबर जेवायला बसलाय."

शाहिनाझनं पाहिलं. बसला होता खरा. हाजला वाढत होता, मासळीचे काटे काढून देत होता. पण मेल्याचं स्वतःचं ताट कोरडं! आपण ज्यासाठी उपाशी बसलोय त्याचसाठी हाही उपाशी बसलाय, हे तिच्या ध्यानात आलं.

तिनं हात धुतले, समोर बसली, भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे धरली.

"आणि रोजा?" बहगतनं विचारलं.

"नव्हताच. थाप मारली होती. आता आमच्याबरोबर एक घास खा, मी लगेच सही करते."

"सकाळपासून पोट बिघडलंय हो."

"अरे, एका घासानं काय होतंय?" हाज भाबडेपणानं म्हणाला. "खा, माझी शपथ."

बहगतनं तुकडा हातात घेतला. भिंतीवर टांगलेल्या इवल्याशा मास्ककडे त्याची नजर गेली. तुकडा ओठांपर्यंत नेला आणि हळूच ताटात ठेवला. मग उठला आणि निघून गेला.

शाहिनाझनं आपल्या हातातली भाकरीही खाली टाकली. हाज महरूसनं आपलं ताट बाजूला सारलं. चेहरा पार उतरला होता.

"मी तर पोटभर खाल्लं त्याचं," तो म्हणाला. "मला आता त्याला शिवीसुद्धा देता येणार नाही. तू दे, पोरी."

शाहिनाझनं दिली.