मधलं नाव

तीन वर्षं दोन महिने माझ्या नागरिकत्वाच्या अर्जापुढे एकच ओळ होती: 'प्रक्रिया सुरू आहे.' रोज सकाळी दुकान उघडलं की मशीनमध्ये दोरा ओवायच्या आधी मी फोनवर ती ओळ बघायचे आणि तिला एक शिवी हासडायचे. त्या मंगळवारी ओळ बदलली. 'स्पष्टीकरण आवश्यक.' काहीतरी हललं म्हणून खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण मी दोरा तसाच ठेवून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले.

मी कपडे दुरुस्त करते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांचे कोट सैल करून वर 'कापडच आटलंय हो' अशी त्यांची समजूत घालणं. माझा भाऊ समोरच्या लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करतो. लहानपणापासून इतका बारीक की सगळे त्याला सुतळी म्हणतात. तो या देशात राहतो तो माझा भाऊ म्हणून. त्याच्या परवान्यावर तसं छापलेलंच आहे.

आता खरं सांगते. सुतळी माझ्या काकांचा मुलगा. काका-काकू एकापाठोपाठ गेले तेव्हा तो दीड वर्षाचा होता, आणि आईने त्याला उचलून घरी आणलं. आमच्या घरात 'चुलत' हा शब्द एकदाच उच्चारला गेला, माझ्या तोंडून, भांडताना. आईने अशी एक ठेवून दिली की पुन्हा माझी जीभ त्या शब्दाकडे वळली नाही. त्यामुळे इथल्या फॉर्मवर 'भाऊ' असा रकाना दिसला तेव्हा मी सरळ त्याचं नाव लिहिलं. खोटं लिहितेय असं मनातसुद्धा आलं नाही.

दोन दिवसांनी पत्र आलं. तुम्हा दोघांचं मधलं नाव वेगळं का, एवढाच प्रश्न. इतकी वर्षं इथल्या लोकांना आमचं मधलं नाव म्हणजे नुसती अडगळ वाटायची. कोणी ते गाळायचं, कोणी त्यालाच आडनाव करून टाकायचं. आता त्या कार्यालयात कोणीतरी शहाणं झालं होतं. आमच्याकडे मध्ये वडिलांचं नाव लागतं, हे त्याला कळलं होतं. माहिती खोटी ठरल्यास अर्ज रद्द होईल आणि राहण्याचा परवानाही जाईल, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात एक माणूस शेजारच्या चांभाराला विचारून गेला, दुकानावरच्या आमच्या खोलीत कोण कोण राहतं. मग एक बाई दुकानात आली. तिच्या हातात दुरुस्तीचा कपडा नव्हता. भिंतीवरचा आमच्या घरच्यांचा फोटो तिने नीट पाहिला, आभार मानले आणि गेली.

"सख्खा म्हणायचं," मी सुतळीला बजावलं. "शाळेच्या कारकुनाने चुकून काकांचं नाव लावलं. बस्स."

"ताई, खरं सांगितलं तर तुझं निभावेल. चूक झाली म्हणून सोडतील तुला."

"आणि तुला?"

तो बोटावरचा वाफेने भाजल्याचा डाग चोळत राहिला.

"तिकडे कोण आहे रे तुझं? आई गेली, घर गेलं. कोणाच्या दारात उभा राहणार आहेस? जास्त डोकं चालवू नकोस, आधीच अंगात मांस नाही."

"बरं," तो म्हणाला. "सख्खा."

मुलाखतीला दोघांनाही एकाच वेळी बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. माझ्यासमोरच्या अधिकारी बाईने पाणी दिलं, खिडकी उघडू का विचारलं. ती इतकी गोड बोलत होती की मला दरदरून घाम फुटला. टेबलावरच्या फोनमधून दुभाषी बाईने स्वच्छ मराठीत विचारलं, "सख्खा भाऊ की चुलत?"

"सख्खा."

"शपथेवर सांगताय?"

"हो. शपथेवर."

कागद पुढे आला, मी सही केली. वाईट वाटलं नाही. आईला बरं वाटलं असतं, एवढंच मनात आलं.

बाहेर आले तर सुतळी बाकावर पाय लांब करून बसला होता. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता.

"झालं ताई. तुझं काम झालं."

"म्हणजे?"

"चुलत आहे म्हणून सांगून टाकलं. ताईला फॉर्म कळला नाही, तिने मुद्दाम काही केलं नाही, म्हटलं. तिलाच विचारा, तीही हेच सांगेल."

"तू 'बरं' म्हणाला होतास ना रे?"

"तुझी बडबड थांबावी म्हणून. आत गेल्यावर तू खरंच बोलशील, हे माहीत होतं मला. माझ्यापायी सगळं घालवायला तू काय वेडी आहेस?"

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं वाटलं, आणि त्याला घट्ट धरून ठेवावं असंही वाटलं. दोन्हींतलं काहीच जमलं नाही.

दार उघडलं. अधिकारी बाईच्या हातात आता दोन कागद होते, एकावर एक धरलेले. तिने दोघांनाही आत बोलावलं. या वेळी ती हसली नाही.

सुतळी उठला, शर्ट सारखा केला आणि माझ्याकडे वळला.

"खरंच सांगितलंस ना, ताई?"

मी मान हलवली, हो म्हणून. तो हसला आणि माझ्याआधी आत गेला.