बनिहालचा बर्फ

इंझोरीच्या पाटलाकडे डिंक घालायला आलेली रामीबाई त्या संध्याकाळी तांड्यावर लगेच परतली नाही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सरकारी रेडिओ लागला होता. बायकांनी तिथं थांबायची रीत नव्हती, पण रामीबाईला रीत फारशी आडवी येत नसे. ती ओट्याखाली टोपली टेकवून उभी राहिली. दिल्लीच्या मराठी बातम्या चालल्या होत्या, आणि त्यातला निम्मा भाग तिच्या डोक्यावरून जात होता. इतक्यात एक शब्द तिच्या कानात घुसला. बनिहाल.

"...येत्या दोन दिवसांत जोरदार हिमवृष्टीचा संभव असून बनिहाल घाटाचा रस्ता वाहतुकीस बंद करण्यात आला आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत प्रवाशांनी प्रवास करू नये."

बनिहाल हे नाव तिच्या लेकाच्या तोंडचं होतं. फुलसिंग फौजेत ट्रक चालवत होता. मागच्या रजेत तो म्हणाला होता, "याडी, जम्मूहून वर जातो ना आमी, मधात बनिहाल लागते." त्या रजेनंतर त्याला मुलगा झाला. यंदा होळीला पोराचा धुंड, म्हणजे नव्या बाळाला आशीर्वाद द्यायचा तांड्याचा विधी होता. पहिल्या होळीला पोराचा धुंड करायचा आणि बापानं हजर नसायचं, हे तांड्यात कोणालाच रुचलं नसतं. फुलसिंग येतो म्हणाला होता. होळीला आठवडा उरला होता.

"पाटील," रामीबाईनं खालूनच विचारलं, "कायले बंद केला रस्ता?"

उकंडराव पाटील रेडिओला टेकूनच बसले होते. "बरफ पडून राह्यला न तिकडं."

"बरफ म्हंजे?"

"गारा असतेत न, तसंच."

"गारा तं आपल्याकडं बी पडतेत. घडीभरात पानी होतेत. गारांनं रस्ता कुठी बंद होते?"

ओट्यावरचे चारजण मदतीला धावले. एक म्हणाला, मिठासारखं असते. दुसरा म्हणाला, कापसासारखं. तिसऱ्यानं दोघांनाही खोटं पाडलं आणि बर्फ काचेसारखा असतो असं ठासून सांगितलं. रामीबाई प्रत्येकाचं तोंड बघत राहिली. "मीठ, कापूस आन काच," ती म्हणाली, "तिन्ही एकच कसं असन? तुमच्यातल्या कोनं पाह्यला हाये का?"

कोणीच पाहिला नव्हता. पाटलांनी रेडिओचा आवाज वाढवला.

पण पाटलीणबाई, गोजराबाई, परसदारी डिंक मोजून घेताना तिच्याशी हळूच बोलली. "रामी, म्या बी नाई पाह्यला व. वाशीमले माहा भाऊ राह्यते न, थो सांगत होता, टेसनपाशी अकोल्याहून बरफाच्या लाद्या येतेत म्हने. शरबतवाल्याची गाडी लागते आता उन्हाळ्याची. मी परवा माहेरी चालली. येतं का संगं?"

रामीबाईनं हो म्हणायला वेळ लावला नाही. सून चंदाबाई मात्र चिडली. "नवरा माहा अडकला आन तुमी बरफ पाह्याले चालल्या?"

"अडकला म्हनूनच चालली," रामीबाई म्हणाली. "माह्या लेकाले कोनं अडवलं, थे पाह्यलं पाह्यजे न."

मानोऱ्याहून मोटारीनं दोघी वाशीमला उतरल्या. गोजराबाईचा भाऊ दौलतराव त्यांना घेऊन स्टेशनच्या बाजूला गेला. अजून फाल्गुन होता, तरी ऊन चटके देत होतं. लिंबाखाली शरबताची गाडी होती, आणि गाडीमागे तरटात, लाकडाच्या भुशात पुरलेली लादी.

बर्फवाल्यानं भुसा झटकला, तरट बाजूला केलं. रामीबाई वाकली. लादी आतून धुरकट होती, आणि तिच्यातून वाफ निघत होती. रामीबाईनं हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"जळते थे!"

"गार हाये बाई, जळन कसं?" बर्फवाला हसला.

"मंग वाफ काहून निघून राह्यली?"

रामीबाईनं पुन्हा हात ठेवला, या वेळी मुद्दाम, आणि ठेवून राहिली. मग म्हणाली, "पन हे तं दगडावानी हाये. रेडिओ म्हने पडते. असे दगड पडत असतीन तं मानसं मरून जातीन."

बर्फवाल्याला गिऱ्हाईक नव्हतं. त्याला मौज वाटू लागली होती. त्यानं रंध्यावर लादीचा तुकडा घासायला घेतला. खाली पांढरा भुरभुरीत कीस पडू लागला. "आभायातून असं पडत असन, बाई. मी बी पाह्यलं नाई, पन आमचा लादी धाडनारा तसंच सांगते."

रामीबाई त्या किसाकडे टक लावून बघत राहिली. मीठही दिसत होतं, कापूसही दिसत होता. ओट्यावरचे लोक अगदीच खोटं बोलले नव्हते. मग ती म्हणाली, "अजून कर. माह्या पायाखाली येईन इतकं कर."

"पायाखाली? खायाची चीज हाये थे!"

"करू दे गा," दौलतराव मध्ये पडला. "नुकसान माह्याकडं लागलं."

बर्फवाल्यानं जुनं तरट अंथरलं आणि त्यावर किसाचा ढीग घातला. रामीबाईनं घोळदार घागरा, आपला फेटिया, जरा वर धरला आणि दोन्ही अनवाणी पाय त्यात रोवले. आधी ती हसली. मग हसणं थांबलं. थंडी घोट्यातून वर चढत होती, हाडात शिरत होती.

"उतर व माय," गोजराबाई म्हणाली.

"थांबा जरा."

ती थांबली. बोटं दुखली, दुखून दुखून ठणकली, आणि मग अचानक दुखायचीच थांबली. त्याचीच तिला भीती वाटली. तिनं बोटं हलवून पाहिली. ती हलत होती की नाही, हे तिला खाली बघूनच कळलं. पाऊल पुढं टाकलं तर पायाखालचा कीस दबून घट्ट झाला होता, गुळगुळीत झाला होता. पाय सरकला आणि रामीबाई सगळ्या बाजारासमोर बदकन बसली.

गोजराबाईला हसू आवरेना. हसता हसता तिनं चपला काढल्या, एकदा इकडंतिकडं पाहिलं आणि पाटलीणबाईही बर्फात उभी राहिली. "अगं माय माय माय!" करत ती लगेच बाहेर आली, आणि दौलतरावाला म्हणाली, "आमच्या यायले सांगू नको घरी."

परतीच्या मोटारीत रामीबाई खिडकीशी बसली. घाट आला, मोटार वळणावर कलली, तेव्हा ती गोजराबाईला म्हणाली, "पाटलीनबाई, या वळनावर असं पांढरं पडलं असतं, तं डायवर काय करन?"

"थांबन."

"आन थांबला तं थंडीनं काय होईन?"

गोजराबाईनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

होळी आली. फुलसिंग आला नाही. लेंगीची गाणी झाली, पोराचा धुंड काकांनी केला. चंदाबाई पोराला घेऊन बसली, पण तिचा डोळा सारखा वाटेकडं. रामीबाई आता रोज इंझोरीला जाऊ लागली. ओट्यावरच्या लोकांनाही सवय झाली; तिच्यासाठी कोणीतरी पायरीवर जागा ठेवू लागलं. एके दिवशी रेडिओनं सांगितलं की बनिहालचा रस्ता खुला झाला. ओटा खूश झाला. पण त्यानंतरही फुलसिंग आला नाही, आणि आता दोष द्यायला बर्फही उरला नव्हता. ते दिवस रामीबाईला सगळ्यांत जड गेले.

चैत्र अर्धा सरला तेव्हा तो आला, भर दुपारी, खांद्यावर ट्रंक घेऊन, डावा पाय ओढत. तांडा गोळा झाला. पोरगं बापाला बघून रडलं. चंदाबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "पायाले काय झालं?"

"काई नाई. दगड पडला होता," फुलसिंग म्हणाला. त्यानं बूट काढला, पण मोजा काढला नाही.

लोक पांगल्यावर रामीबाई त्याच्यासमोर बसली. तिनं पाय मांडीवर घेतला. "दगड पडला तं दुखलं असन?"

"दुखलं न."

"आन मंग दुखनं एकदम थांबलं. बोटं हालून राह्यली का नाई, थे खाली पाहून समजलं."

फुलसिंग चमकला. "तुले कोनं सांगतलं, याडी?"

"म्या उभी राह्यली बरफात. वाशीमले."

तो आधी हसला, मग हसता हसता त्याचा आवाज फुटला. त्यानं स्वतःच मोजा काढला. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट नव्हतं. चंदाबाईनं तोंडावर पदर घेतला.

मग त्यानं सगळं सांगितलं. इशारा आला आणि घाटाखालचं फाटक बंद झालं. ट्रक जागच्या जागी उभे राहिले. त्याला रजेची घाई, तो फाटकावरच्या शिपायाशी भांडलाही. पण फाटक पडायच्या आधीच माणसांनी भरलेली एक बस वर गेली होती, आणि ती उतरली नव्हती. सकाळी फुलसिंग, त्याचा जोडीदार हेमसिंग आणि आणखी काहीजण दोर घेऊन पायी निघाले. बर्फ कमरेला लागत होता. बस वळणावर रुतली होती. आत बायका, म्हातारे, एक नवरानवरी. एकेकाला धरून खाली आणलं. सगळे आले. बुटात पाणी शिरलं होतं, ते फुलसिंगला खाली आल्यावर कळलं. मग इस्पितळ.

"सांगतलं काहून नाई?" चंदाबाई रडत म्हणाली.

"तू धास्ती घेतली असती."

"आता काय कमी घेतली?"

चंदाबाईनं तेल कोमट करून आणलं आणि पाय सासूच्या मांडीवरून आपल्या मांडीवर ओढून घेतला.

रजा संपली की त्याला घाटावर जायचं नव्हतं. पठाणकोटला, गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात नेमणूक झाली होती. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. रामीबाईलाही वाटलं. पण संध्याकाळी ती पुन्हा त्याच्या खाटेशी येऊन बसली.

"फुला, चाकाले काई बांधता का, सरकू नाई म्हनून?"

"साखळ्या बांधतो."

"झाडं मरतेत का बरफानं?"

"काई मरतेत. काई हिरवीच राह्यतेत."

"आन तिकडच्या बाया पानी कुठून आनतेत? सगळंच गोठलं तं?"

फुलसिंग विचारात पडला. दोन हिवाळे तो त्या रस्त्यानं गेला होता, गावंच्या गावं ओलांडली होती. "थे नाई मालूम, याडी. कधी ध्यानातच नाई आलं."

रामीबाईनं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! मंग इतके दिवस तिकडं राहून तू पाह्यलं तरी काय?"