मेजर ट्रेहर्न यांचा अंगठा

"दोन्ही बाजूंच्या बरगड्या मोडल्यात," मेजर ट्रेहर्न म्हणाले आणि त्यांनी मेलेली फेझंट, रानकोंबडीसारखी शिकारीची पक्षीण, डिलिस प्रॉसरच्या हातात परत दिली. "कडक तोंडाची कुत्री. बाद."

शिकारीचा पक्षी मऊ तोंडानं, न चेपता आणून देणाऱ्या कुत्र्यांची ही वार्षिक चाचणी होती. शेजारी उभे असलेले दुसरे परीक्षक गेली अकरा वर्षं मेजरांशी सहमत होत आले होते. त्यांनी पक्ष्याला हातही न लावता मान हलवली आणि वही उघडली.

रिवाज असा, की यापुढे मालकानं पक्ष्याच्या बरगड्या चाचपल्यासारखं करायचं, "आभारी आहे, साहेब" म्हणायचं, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवायचा आणि मैदानाच्या दोरीपलीकडे जायचं. वेल्समधल्या रॅडनॉरशरच्या या टेकड्यांवर माणसं कुंपणावरून भांडत, चर्चच्या गळक्या छपरावरून भांडत, आईच्या मयतातही भांडत. पण इथे आजवर प्रत्येकानं आभारच मानले होते.

डिलिसनं चाचपल्यासारखं केलं नाही. तिनं चाचपलं.

इस्टेटीच्या कोठीत तीस हंगाम ती शिकारीच्या पक्ष्यांची पिसं काढत आली होती. छऱ्यानं मोडलेली बरगडी, दगडावर आपटून मोडलेली बरगडी, जबड्यात चेपलेली बरगडी तिला डोळे मिटून ओळखता येई. कुत्रा आवळतो तेव्हा बरगड्यांचा सगळा पिंजरा आत बसतो. इथे पिंजरा धड होता आणि फक्त दोन खड्डे होते, एक अंगठ्याएवढा, एक बोटाएवढा. असले खड्डे तिला वर्षातून एकदाच दिसत, चाचणीच्या दिवशी मेजरांच्या हातून आलेल्या पक्ष्यांत. इतकी वर्षं ती गप्प बसली होती, कारण बाद होणारी कुत्री लोकांची होती.

आज कुत्री तिची स्वतःची होती. सेरेन, काळी लॅब्राडोर, तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या, एम्लिनच्या, कुत्र्यांतली शेवटची. वहीत "कडक तोंड" चढलं की तिची पिल्लं कुणी फुकटही नेणार नव्हतं आणि एम्लिनच्या कुत्र्यांचा वंश तिथेच संपणार होता. या कुत्रीला डिलिसनं दोन वर्षं शिकवलं होतं. आधी वाळू भरलेला मोजा, मग कबुतराचा पंख बांधलेला मोजा, मग कबूतर. आणून पायाशी टाकलं तर घ्यायचं नाही. पाठ फिरवून चालू लागायचं. मागून धावत येऊन हातात दिलं तर घ्यायचं, तेही ओढायचं नाही. सेरेन आताही तिच्यापुढे मान वर करून बसली होती.

"बाई," मेजर म्हणाले, "आम्ही थांबलोय."

"थांबा की."

बंदूकवाले थांबले. रान उठवणारे थांबले. खालच्या कोठारात मटणाचा रस्सा निवत होता, त्याची काळजी सगळ्यांच्याच चेहऱ्यावर दिसू लागली.

इस्टेटीचा मुख्य रखवालदार इद्रिस हा तिचा धाकटा दीर. तो जवळ आला. "वहिनी, आभार मानून मोकळ्या व्हा. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी साहेबांचा अंगठा बारीक होणारे का?"

"वहिनी, हळू बोला!"

"इद्रिस, सकाळी गाडीच्या चाकाशी एक फेझंट मादी पडली ना? तू स्वतः उचललीस, कुत्रं जवळ नव्हतं. ती आण."

नोकरी आपली आणि वहिनीही आपलीच, अशा माणसाचा चेहरा जसा होतो तसा इद्रिसचा झाला. पण त्यानं पक्षी आणला. डिलिसनं तो चाचपला आणि त्याच्याकडे परत दिला. "तू बघ."

"शाबूत आहेत," इद्रिस म्हणाला. जमिनीकडे बघून, पण म्हणाला.

"आता साहेब, तुम्ही बघा."

मेजर खोटारडे नव्हते. त्यांनी नेहमीच्याच निष्ठेनं पक्षी घेतला, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोट, आणि कर्तव्य केलं. सुकी काटकी पायाखाली यावी तसा आवाज दोरीपलीकडेही ऐकू गेला.

"हिच्याही मोडल्यात," ते म्हणाले.

"कोणत्या कुत्र्यानं, साहेब?"

कुणी हसलं नाही. हसायला जेवढा धीर लागतो तेवढा त्या रांगेत फक्त एका स्पॅनियल कुत्रीकडे होता; ती जोरात शिंकली. मेजरांची मान कॉलरपासून लाल होत टोपीपर्यंत पोचली.

"परीक्षकाचा निर्णय," ते म्हणाले, "अंतिम असतो."

"असू दे. तो तुमचा आहे, तुमच्याकडेच ठेवा. आभार मात्र मी मानणार नाही. तोंड माझ्या कुत्रीचं मऊ आहे. कडक काय आहे ते इथं सगळ्यांनी ऐकलंय."

तिनं सेरेनच्या गळ्यात पट्टा अडकवला, घाई न करता, आणि ती दोरीपलीकडे जाऊन उभी राहिली. दुसऱ्या परीक्षकांनी मेजरांकडे पाहिलं, मग वहीत लिहिलं. काय लिहिलं ते तिला इथूनही वाचता आलं असतं. एम्लिन असता तर वहीच हिसकावली असती, आणि मग रात्रभर पस्तावला असता.

पुढचा नंबर बीवनचा. तो गुरांचा डॉक्टर, तोंडातून शब्द काढायचे पैसे पडतात असं वागणारा. गेल्या वर्षी त्याचा कुत्रा याच जागी बाद झाला होता, आणि त्यानं आभार मानले होते. आज त्याच्या नव्या कुत्र्यानं नेच्यांतून पक्षी शोधून आणला, समोर बसून अलगद हातात दिला. मेजरांनी हात पुढे केला.

बीवननं पक्षी आपल्या उघड्या तळव्यावर ठेवला आणि तळवा स्वतःच्या छातीशीच धरला.

"इथंच बघा, साहेब," तो म्हणाला. "माझ्या हातात."

त्याच्या मागे चार जण आपापली कुत्री घेऊन पाळीची वाट बघत उभे होते. त्यांच्यापैकी एकानं टोपी काढून खिशात घातली. दुसऱ्यानं हातमोजे काढले आणि तळवा पँटला पुसला.

मेजरांचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला, उताणा, रिकामा.