नव्या रायफलीच्या मापाची

घाबरू नका, मी रिकामी आहे. माझ्या पोटात दारू नाही आणि तोंडात गोळीही नाही. मी एका काडतुसाची पितळी पुंगळी बोलतेय. गोळी सुटते ती परत येत नाही, दारूचा धूर होतो, आवाज विरून जातो. मागे उरते ती मी. म्हणून सांगण्यासारखं जे काही असतं ते माझ्याकडेच असतं, आणि मला बोलायला आवडतंही.

जन्म माझा कारखान्यातला. पितळेच्या पत्र्यातून एक चकती कापली, तिची वाटी केली, ती वाटी ओढून ओढून लांब केली. मग वर दोन खांदे आणि एक बारीक मान काढली. एवढी ओढाताण सोसून झाल्यावर मला वाटलं होतं, आता सुटले. कसली सुटतेय. बहिणींबरोबर खोक्यात बसून मी मोंटानात आले, नॉरिस ब्रेक्के नावाच्या माणसाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

नॉरिस काडतुसं घरीच भरणाऱ्यांतला. अशी माणसं पुंगळी फेकत नाहीत. ती उडवतात, उचलतात, साफ करतात, पुन्हा टोपी, पुन्हा दारू, पुन्हा गोळी. एकेका पुंगळीला कितीतरी जन्म मिळतात. पहिल्यांदा उडाले तेव्हा धगीने मी फुगले आणि नॉरिसच्या रायफलीच्या कोठीला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, आतून चिकटले. थंड झाले तेव्हा मी नेमकी तिच्या मापाची झाले होते. त्यानंतर नॉरिस फक्त माझी मान आवळायचा, म्हणजे गोळी धरून राहील. अंगाला साचा लावायचा नाही. पुंगळीला जितकं कमी छळाल तितकी ती जास्त टिकते आणि नेम जास्त पक्का बसतो, असं त्याचं ठाम मत. मलाही ते पटलेलं होतं. कुणाला नाही पटणार?

मला टोपी बसवायचं काम त्याच्या बायकोचं, आर्डिसचं. टोपी म्हणजे माझ्या बुडातला तो इवलासा तुकडा, ज्याच्यावर रायफलीचा खिळा आपटला की ठिणगी पडते. आर्डिस टोपी दाबायची आणि नीट बसली का ते बोटाच्या टोकाने चाचपायची. नॉरिस दारू तोलायला लागला की तिने गप्प बसायचं असा नियम होता, आणि तो तिने कधी पाळला नाही.

"तुझ्या तराजूला वारा लागेल म्हणून मी श्वासही घ्यायचा नाही का?" ती म्हणायची.

"घे की. पण तिकडे तोंड करून घे."

रिकाम्या पुंगळीच्या तोंडावर ओठ टेकवून फुंकलं की बारीक शीळ वाजते. आर्डिस कुत्र्यांना तशीच हाक मारायची. हाताला लागेल ती पुंगळी घ्यायची, पण मी पुष्कळदा हाताला लागायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग आर्डिस आजारी पडली. शेवटच्या उन्हाळ्यात तिने आम्हा सगळ्यांना धुऊन, पुसून कॉफीच्या डब्यात भरून ठेवलं. ती गेली आणि डबा तसाच फळीवर राहिला. जुन्या रायफलीची नळीही तोवर आतून झिजून गेली होती. तिला दाराच्या वर दोन खिळ्यांवर ठेवलं. मुलगी ट्रूडी आता सगळं शेत बघायची. तिने वडिलांच्या वाढदिवसाला नवी, जाड नळीची रायफल आणली. "जुनीला काय झालंय?" असं म्हणून नॉरिसने ती कोपऱ्यात उभी केली आणि पुढ्यातली लेफ्से, म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी, लोणी लावून खाल्ली. विषय संपला.

तो विषय पुन्हा निघाला वसंतात, गोफरांमुळे. गोफर म्हणजे बिळात राहणारी, बिनझुपक्याची खारच म्हणा. एकटा गोफर दिसायला गोड असतो. पण नदीकाठचा लसूणघास नुकता वर येत होता आणि त्यांनी अख्खं शेत पोखरून चाळण केलं होतं. एका सकाळी ट्रूडीच्या घोडीचा पाय बिळात गेला. घोडी सावरली, ट्रूडी पडली. घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला.

"सोमवारी बिळांत विष टाकायला औषधवाला येतोय," ती म्हणाली. पाय स्टुलावर आणि घोट्यावर बर्फाची पिशवी. "टॅन्सीला थोडे आठवडे बांधून ठेवू."

टॅन्सी त्यांची कुत्री. मेलेलं काही दिसलं की तोंडात धरून आणायची आणि वाटेत निम्मं खायची. तिच्या आधी पिप होती, आर्डिसची लाडकी. पिपने विषाने मेलेला गोफर खाल्ला होता आणि दारात येऊन जीव सोडला होता. आर्डिसने त्यानंतर बरेच दिवस पुढचं दार वापरलं नाही.

"टॅन्सी बांधून राहत नाही," नॉरिस म्हणाला. "पिपही राहिली नव्हती."

"मग मी काय करू, बाबा? आज माझा घोटा गेला. उद्या घोडीचा पाय मोडला तर?"

"मला सोमवारपर्यंत वेळ दे. नव्या रायफलीचा नेम बसवतो. बांधावर बसून एकेक टिपतो."

"बसवा. मला काय विषाची हौस आहे? पण नीट लागायला हवं. अर्धवट जखमी करून बिळात सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय मला."

नॉरिसने मान हलवली आणि फळीवरून कॉफीचा डबा काढला. झाकण उघडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. गोळ्या त्याने बिनशिशाच्या, तांब्याच्या आणल्या होत्या. मेलेला गोफर ससाण्याने खाल्ला किंवा टॅन्सीने खाल्ला, तरी बाधायला नको म्हणून. बाकी सगळं जुनंच. आमची मान आवळली, टोपी बसवली, आणि दारूही तीच, जी जुन्या रायफलीत वर्षानुवर्षं चालत आली होती. ते माप त्याला तोंडपाठ होतं.

गोठ्यामागे टेबल आहे, त्यावर वाळूच्या पिशव्या, आणि शंभर यार्डांवर निशाणाचा कागद. नॉरिसचा शेजारी वेंडल थर्मासमधून कॉफी पीत बसला होता. नॉरिसने पहिलं काडतूस घातलं, बोल्ट, म्हणजे कोठी मागून बंद करणारा दांडा, पुढे ढकलला. बोल्ट बसेना. त्याने तळहात मारून बसवला. मी डब्यातून बघत होते आणि मला लगेच कळलं. नव्या रायफलीची कोठी जुनीपेक्षा केसभर लहान होती, आणि आम्ही सगळ्या जुनीच्या मापाच्या. पण माझं ऐकतंय कोण?

कागदावर भोकं पडली ती कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.

"लेका," वेंडल म्हणाला, "तू नेम कागदावर धरला होतास की तालुक्यावर?"

"वारा होता."

"आपल्याकडे आयुष्यात एकदा वारा पडला, तो आज. आणि तू त्याच्यावरच आळ घेतोस?"

नॉरिसने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी बोल्टवर तळहात, दर वेळी पिशव्यांवरून रायफल हलायची, आणि उघडतानाही बोल्ट अडायचा. शेवटी त्याने दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"हात गेले माझे, वेंडल," तो म्हणाला.

वेंडलने थट्टा केली नाही. कॉफीचं झाकण लावलं आणि निघून गेला.

घरी येऊन नॉरिसने ट्रूडीला सांगितलं, "त्या औषधवाल्याला म्हणावं, सोमवारपर्यंत कशाला थांबतोस, आधीच ये."

"का?"

"मला जमत नाही आता. संपलं ते."

ट्रूडीने त्याच्याकडे बघितलं. "सकाळी टॅन्सीच्या पंज्यातलं कुसळ कुणी काढलं? मला तर ते दिसतही नव्हतं."

ट्रूडीने काठी घेतली, उरलेली काडतुसं खिशात टाकली, त्यात मीही होते, आणि लंगडत गोठ्यामागे गेली. बाप मागून आला, ती पडू नये म्हणून. ती टेबलाशी बसली आणि तिने थोडी काडतुसं उडवली. तिचीही भोकं सगळीकडे.

"माझेही हात गेले वाटतं," ती म्हणाली.

"तुझा पाय दुखतोय."

"मी पायाने उडवत नाहीये, बाबा." तिने मला आत घातलं, बोल्ट ढकलला आणि थांबली. मग मला बाहेर काढलं आणि रिकाम्या रायफलीचा बोल्ट लावून बघितला. दोन बोटांनी अलगद लागला. मला पुन्हा घातलं. पुन्हा अडला. "लहानपणी मला काय सांगायचात? दोन बोटांनी लागला नाही तर जोर करू नकोस, उघडून बघ. आणि तुम्ही सकाळपासून तळहात मारताय."

"नवी आहे. होईल सैल."

"रायफलीला काही झालेलं नाही. ह्या पुंगळ्या तिच्यात बसत नाहीयेत. पूर्ण साच्यातून का नाही काढल्या?"

"मी कधी काढत नाही."

"जुन्या रायफलीसाठी. ही जुनी नाही. आणि दारूही जुनीच भरलीय ना? काडतुसं भरायचं पुस्तक काय सांगतं, नव्या नळीला कमी दारूपासून सुरुवात करा. हे तुम्हाला मी सांगायचं?"

नॉरिस टेबलाच्या कडेवर बसला. टॅन्सी येऊन त्याच्या बुटावर हनुवटी टेकून पडली.

"आर्डिसने पुसून ठेवल्या होत्या," तो म्हणाला. "तिने ठेवल्या तशाच राहाव्यात असं वाटलं मला. साच्यात घालायला हातच होईना."

ट्रूडीचे डोळे भरून आले, माझ्या डोळ्यांदेखत. "आई असती तर पहिल्याच दिवशी तिने साच्यात घातल्या असत्या," ती म्हणाली. "आणि वर तुम्हाला दोन शब्द ऐकवले असते."

"दोनच?" नॉरिस म्हणाला, आणि त्या वसंतात तो पहिल्यांदा हसला.

पूर्ण साचा कपाटाच्या खणात अगदी मागे पडला होता. आधी आमच्यातली जुनी दारू काढून टाकली. मग अंगाला लोकरीतलं मेण चोळलं, म्हणजे पुंगळी साच्यात अडकत नाही. नॉरिसने दांडा खाली ओढला आणि मी सगळ्या अंगाने आवळले गेले. खांदे मागे सरकले. जुनी रायफल माझ्या अंगातून निघून गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याने मला नव्या रायफलीत घालून बघितलं. बोल्ट दोन बोटांनी बसला. तेव्हा बरंही वाटलं.

मग खरं काम सुरू झालं. ट्रूडी आर्डिसच्या खुर्चीत बसून टोप्या बसवत होती. नॉरिस तराजूवर दारू तोलत होता, पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापापासून, चिमूटचिमूट वर. प्रत्येक मापाची थोडी थोडी काडतुसं, वेगवेगळ्या ओळीत.

"ट्रूडी," तो म्हणाला, "तिकडे तोंड करून श्वास घे."

ट्रूडीने तोंड फिरवलं. तेवढ्यापुरतं घर पूर्वीसारखं वाटलं.

रविवारी वारा उठायच्या आत ते टेबलाशी आले. वेंडलही आला, दालचिनीचे रोल घेऊन. खालच्या मापाची भोकं पसरली. पुढच्या मापाची जवळ आली. त्याच्या पुढच्याची आणखी जवळ. मग त्याच्या पुढची पुन्हा लांब गेली.

"इथे थांबायचं," नॉरिस म्हणाला. "एक माप मागे. जास्त भरलं म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं."

त्या मापाची पाच काडतुसं भरली, गोळी केसभर खोल बसवून. पाचवी मी. चार उडाल्या. वेंडलचा डोळा दुर्बिणीला चिकटलेला.

"चारही एकमेकांना लागून आहेत," तो हळूच म्हणाला. "आता पाचवीने घाण करू नकोस म्हणजे मिळवली."

मी आत गेले. दोन बोटं. नॉरिसचा हात स्थिर होता, ते मला बोल्टमधून कळत होतं. मग धग, आणि मी फुगले, पण थोडीच, कारण आता ही कोठी माझ्याच मापाची होती.

वेंडलने कागदाजवळ जाऊन भोकांवर दहा सेंटचं नाणं ठेवलं. सगळी झाकली गेली. "नाणं परत दे हं," एवढंच तो म्हणाला आणि नाक पुसत गाडीकडे गेला. ट्रूडीने तिथेच उभं राहून फोन लावला. "सोमवारी येऊ नका," ती म्हणाली. "आता गरज नाही. बाबा आहेत."

नॉरिसने मला उचललं, बोटात फिरवलं, आणि त्याला दिसलं. माझ्या मानेवर बारीक चीर गेली होती. इतकी वर्षं, इतका ताप, त्यात साच्याचा पीळ. अशी पुंगळी पुन्हा भरत नाहीत. चुकून वापरली जाऊ नये म्हणून पकडीने चेपून भंगारात टाकतात. त्याने पकड हातात घेतली. मग खाली ठेवली, माझ्या तोंडाला ओठ लावले आणि फुंकलं. शीळ वाजलीच नाही. चिरेतून नुसती फुस्स झाली.

तरी टॅन्सी गाडीखालून उठून धावत आली.

नॉरिस तिला कुशीत घेऊन किती तरी वेळ बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या बुडाला भोक पाडलं, कडी घातली आणि मला टॅन्सीच्या गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलं.

आता मी तिथेच असते. गोफर अजून आहेत, ते कधी संपत नसतात, पण लसूणघास गुडघाभर झालाय आणि पहिली कापणी झालीय. घोडी बिनधास्त फिरते. कॉफीच्या डब्यातल्या बहिणी नव्या रायफलीच्या मापाच्या झाल्यात आणि पुन्हा पुन्हा जन्म घेताहेत. त्यांचा मला हेवा वाटत नाही. फार तर थोडासा.

तुमच्या घरी कुणी म्हणालं, "माझे हात गेले आता," तर लगेच ऐकू नका. आधी बोल्ट तपासा. माझी एवढीच विनंती आहे.

टॅन्सी शेतातून पळत घराकडे निघते तेव्हा मी तिच्या नोंदणीच्या बिल्ल्यावर आपटून किणकिणते. नॉरिस पुढच्या दारात कॉफी घेऊन बसलेला असतो. तो मान वर करत नाही. आवाज ऐकतो आणि आत ट्रूडीला सांगतो, "आली गं."